सारजा पंपाचा शेवटचा दिवस

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही सहावीच्या वर्गात बसला आहात. शाळेच्या फाटकाशी एक पांढरी मोटार येऊन थांबते. मोटारीला झेंडूच्या माळा लावल्या आहेत. तिच्यातून गावातला सगळ्यांत मोठा माणूस उतरतो, चपला न काढता थेट वर्गात येतो आणि तुमच्याकडं बोट करून म्हणतो, "ही. हीच पाहिजे मला."

काय वाटेल? छाती फुगेल की नाही?

वैजूची फुगली. माझीही फुगली, कारण त्या माणसाचं दुसरं बोट माझ्याकडं होतं.

"मास्तर, तुम्ही पण चला. साहेब नुसता इंग्रजी बोलतोय. मला 'गुड मॉर्निंग'च्या पुढं गाडी रेटंना."

हे भूपाल मगदूम. शिरगुंडीतल्या मगदूम फौंड्रीचे मालक. गाव त्यांना आण्णा म्हणायचं. वैजू म्हणजे वैजयंता, त्यांच्याच फौंड्रीतल्या धोंडीराम मेस्त्रींची मुलगी, माझी विद्यार्थिनी. आणि मी त्या शाळेचा इंग्रजीचा शिक्षक. वय बत्तीस. अकरा वर्षं इंग्रजी शिकवत होतो आणि खरा इंग्रजी बोलणारा माणूस आदल्या दिवशी, कंपनीच्या कागदावर आण्णांची सही झाली तेव्हा, पहिल्यांदा पाहिला होता. 'आय गो, यू गो' करून कंटाळलेला माणूस. शेपूट असतं तर वर्गातून निघताना ते हललेलं पोरांना दिसलं असतं.

"आण्णा, गणिताचा तास हाय की आता," वैजू म्हणाली.

"अगं, तुझा बा जे गणित करतो ते साऱ्या शिरगुंडीत कुणाला येतंय का? चल. साहेबाला तुमच्या माळ्यावरचे पॅटर्न दाखवायचेत. फोटो काढणार हाय."

"आबा न्हाईत घरात. दांडेलीला गेल्यात, सागवान आणायला."

"म्हणून तर तुला न्यायला आलोय."

आता पॅटर्न म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. लोखंडाचा पंप करायचा तर आधी तो लाकडाचा करावा लागतो. त्या लाकडी नमुन्याला पॅटर्न म्हणतात. ओलसर वाळूत तो दाबून बसवायचा, वाळू ठोकून घट्ट करायची आणि पॅटर्न अलगद उचलून घ्यायचा. वाळूत त्याचा ठसा राहतो, त्या ठशात लोखंडाचा रस ओतायचा. एका पॅटर्नवर हजार पंप निघतील. पॅटर्न गेला, की पंप गेला.

मगदूम फौंड्रीत निघायचा तो सारजा पंप. आण्णांच्या आईचं नाव सारजाबाई, तिच्या नावाचा. आमच्या भागातल्या निम्म्या विहिरींवर तोच घरघरायचा. रंग हिरवा, आवाज म्हशीसारखा, आणि बिघडला तर कुठलाही सायकल दुरुस्त करणारा तो उघडून नीट करायचा. त्या एका पंपावर ओतारी, घासणारे, रंगारी, टेंपोवाले आणि चहावाले धरून दोनशे चुली पेटत होत्या. त्याचे सगळे पॅटर्न धोंडीराम मेस्त्रींनी हातानं घडवलेले.

मेस्त्रींच्या दुकानाच्या माळ्यावर असे दीडशे-दोनशे पॅटर्न होते. काही सारजा पंपाचे, काही साखर कारखान्याचे, काही परगावच्या गिऱ्हाइकांचे. कुठल्याच पॅटर्नवर आकडा नाही, कुठं वहीत नोंद नाही. मेस्त्री त्यांना नावं ठेवायचे. पंपाच्या मोठ्या पोटाला वरमाय, तिच्या झाकणाला करवली. एका वाकड्या नळीला नाव होतं चुलतसासरा. दरवर्षी खंडेनवमीला सगळे पॅटर्न खाली उतरायचे, पुसले जायचे, आणि वैजू प्रत्येकाला हळदकुंकू लावत जायची. मेस्त्री नाव सांगणार, ही बोट टेकवणार. पाचव्या वर्षापासून हे चाललेलं. त्यामुळं अख्ख्या जगात त्या माळ्याची यादी दोनच ठिकाणी होती. एक दांडेलीला गेली होती. दुसरी माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसली होती.

मेस्त्रींना दांडेलीला पाठवलं होतं कुणी? आण्णांनीच.

जाण्याआधी, रविवारी, मेस्त्री माझ्याकडं येऊन गेले होते. हातातली टोपी गुडघ्यावर ठेवून बसले.

"मास्तर, परदेशी कंपनीचा कागद तुम्हीच वाचून दाखवलासा म्हणं आण्णास्नी."

"हो."

"काय लिवलंय?"

"ती कंपनी आपल्या फौंड्रीत पैसा घालणार आहे. भागीदारी. आपला माल परदेशी जाणार."

"आणि सारजा पंप?"

"तो कुठं जातोय?"

"माझ्या माळ्याला कोन हात लावणार न्हाई न्हवं? कसं हाय मास्तर, बाकी कायबी नेऊ द्या. पॅटर्न ऱ्हायले तर पंप पुन्हा काढतो मी. पॅटर्न गेले, तर ह्या हातांस्नी आता तेवढं बळ न्हाई."

"उगाच काळजी करता, मेस्त्री. मोठी कंपनी आहे," मी म्हणालो.

ते टोपी घालून गेले. या संवादाकडं पुढं परत यावं लागेल. मला ते टाळता आलं असतं तर बरं झालं असतं.

फौंड्रीच्या दारात गावानं कमान उभारली होती. हलगी-घुमक्याचा दणदणाट, पाच सुवासिनी, तबकात निरांजन. साहेबाचं नाव हॉल्टर. उंच, गुलाबी, पायात पांढरे बूट. लोखंडाच्या कारखान्यात पांढरे बूट! तिथंच आम्ही काय ते ओळखायला हवं होतं. पण आमचे सरपंच त्याच्या डोक्याला फेटा बांधण्यात गुंतले होते. फेटा घसरून साहेबाच्या नाकावर आला, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोसायटीच्या चेअरमननी भाषणात सांगितलं, की आता शिरगुंडीचं नाव सातासमुद्रापार जाणार. हार जास्त आणले होते, म्हणून साहेबाच्या ड्रायव्हरलाही एक घातला. तो बिचारा शेजारच्याच गावचा होता. हाराखाली मान घालून हळूच म्हणाला, "अहो, मी पाटलांचा बाळू."

ज्या दिवशी मान कापली जायची त्याच दिवशी ती धुऊन, अत्तर लावून पुढं करायची, ही आमची जुनी रीत. आणि त्या गर्दीत सगळ्यांत पुढं, नवा शर्ट घालून, दर दोन वाक्यांनी 'येस सर, येस सर' म्हणत कोण उभं होतं, ते वेगळं सांगायला नको.

मेस्त्रींचं दुकान फौंड्रीच्या आवारातच, मागच्या बाजूला. खाली कामाची जागा, वर शिडीनं चढायचा माळा. वैजू खारीसारखी वर गेली. तिच्या मागं मी, माझ्या मागं पांढरे बूट जपत हॉल्टर. आण्णा शिडीपाशी खालीच थांबले.

"तिला सांगा," हॉल्टर मला इंग्रजीत म्हणाला, "फक्त सारजा पंपाचे दाखवा. दुसऱ्यांचे नकोत. एकही चूक नको."

"वैजू, फक्त सारजाचे."

"मला म्हाईत हाय की. ही वरमाय." तिनं गालावर हात फिरवावा तसा त्या लाकडाच्या पोटावरून हात फिरवला.

"हे काय नाव?" हॉल्टर.

"मदर ऑफ द ब्राइडग्रूम, सर."

हॉल्टर खूश झाला. त्यानं फोटो काढला, यादीत लिहिलं आणि मागून चढलेल्या फौंड्रीच्या दोन माणसांना खूण केली. दोघांनी वरमाय उचलून खाली नेली.

"ही करवली. ही तिची जाऊबाई. दोघींचं पटत न्हाई, मापात एका दोऱ्याचा फरक हाय." वैजू आता रंगात आली होती. आमच्याकडच्या पोरी 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. ती म्हणाली, "सर, मी नावं सांगतो, तुम्ही इंग्रजी सांगा. बघू कोन चुकतंय."

चुलतसासऱ्याला इंग्रजी शब्द सापडेना, तेव्हा ती पोट धरून हसली. "चुकलासा! सर चुकले!"

तासाभरात सव्वीस पॅटर्न खाली गेले. दोनशेंच्या ढिगातून तिनं एकही चुकीचा उचलू दिला नाही. एकदा माणसानं साखर कारखान्याच्या चाकाला हात घातला, तर ओरडली, "ए, ते पावणं हाय! ठेव खाली." हॉल्टरनं तिला चॉकलेट दिलं. तिनं ते दप्तरात ठेवलं, धाकट्या भावासाठी. माझ्या डोळ्यांसमोर तिनं वर्गात कधी एवढं नीट उत्तर दिलं नव्हतं. शिक्षकाला काय हवं असतं? मला कौतुक वाटत होतं. अगदी खरं सांगतो, कौतुकच वाटत होतं.

खालून मागच्या अंगणातून लाकूड कापायच्या यंत्राचा आवाज येत होता. सुतारांच्या दुकानात तो रोजचाच, म्हणून तिनं कान दिला नाही. मी दिला. मला तो आवाज कशाचा आहे ते माहीत होतं.

तर आता त्या रविवाराकडं जाऊ. करारात चौदावं कलम होतं. सारजा पंप काढणं कायमचं बंद करावं आणि त्याचे सगळे पॅटर्न कंपनीच्या प्रतिनिधीसमोर नष्ट करावेत. मी ते आण्णांना तीनदा वाचून दाखवलं होतं. आण्णा तिन्ही वेळा म्हणाले होते, "बरं, पुढं." आणि मेस्त्री विचारायला आले तेव्हा मी म्हणालो होतो, मोठी कंपनी आहे.

त्या कंपनीला इथं स्वतःचा पंप विकायचा होता. वाटेत सारजा पंप उभा होता. वाटेतला धोंडा लाथ मारून हलत नसेल तर तो विकत घ्यायचा आणि विहिरीत टाकायचा. सोपं आहे. यात हॉल्टरला शिव्या देऊन काय करायचं? तो त्याच्या कंपनीचं काम चोख करत होता. हलगी आम्ही वाजवत होतो. पुढं तीन वर्षांनी त्याच कंपनीला दुसऱ्या कुठल्या तरी देशात ओतकाम आणखी स्वस्त मिळालं, आणि तिनं मगदूम फौंड्रीला कुलूप लावलं. तेव्हा चेअरमन म्हणाले, आम्हाला काय माहीत. भाषण मात्र माहीत नसतानाच ठोकलं होतं.

"झालं की काय?" हॉल्टरनं शिडी उतरता उतरता विचारलं.

"एकच ऱ्हायलं," वैजू म्हणाली. "पर ते मी उचलणार. दुसऱ्यांनी हात लावलेला आबांस्नी चालत न्हाई."

माळ्याच्या कोपऱ्यात गोणपाटात काहीतरी गुंडाळून ठेवलं होतं. तिनं गोणपाट सोडला. आत सागवानी लाकडाची एक पेटी, मधोमध दोन फाळके झालेली. दोन्ही फाळके आतून खोल कोरलेले, गोगलगायीसारखे वळत गेलेले. ती पंपाच्या पोटातली पाण्याची वाट. बाहेरचा आकार काय, जुना पंप समोर ठेवून कुणीही सुतार पुन्हा करील. पण पाणी आत कसं वळतं, कुठं दाबतं, कुठं सुटतं, हे ज्या पेटीत वाळू ठोकून ठरतं ती ही पेटी, कोरपेटी. मेस्त्रींना ती जमवायला दोन वर्षं लागली होती. सारजा पंप दुसऱ्यांपेक्षा दहा फूट वर पाणी फेकायचा तो हिच्या जोरावर. वाळू चिकटू नये म्हणून आत शंखजिऱ्याची पूड मारलेली, त्यामुळं आतली बाजू पांढरीशुभ्र.

एक फाळका तिनं पोटाशी धरला. दुसरा तिनं माझ्यावर सोपवला, तो मी शिडीवरून उतरवून शिडीच्या पायाशी भिंतीला टेकवून ठेवला. ती पुढं, आम्ही मागं, असे अंगणात आलो.

अंगणात इसाकभाई यंत्रावर उभे होते. तीस वर्षं मेस्त्रींच्या शेजारी काम केलेला माणूस. त्यांच्या पायाशी लाकडाचे तुकडे पडले होते आणि समोर करवली होती, अर्धी. ते वर बघत नव्हते.

वैजू थांबली.

तिनं त्या तुकड्यांकडं पाहिलं. एका तुकड्यावर वरमायेचं कुंकू होतं. मग माझ्याकडं पाहिलं. मी गेली चाळीस वर्षं शिकवतोय, मुलांनो. पोरांचे सगळ्या तऱ्हेचे डोळे मी पाहिलेत. तसे पुन्हा पाहिले नाहीत.

"फोटो काढणार म्हणलासा," ती आण्णांना म्हणाली.

"काढले की, बाळ," आण्णा म्हणाले. "आता जुनं झालं हे. नवीन येणार हाय."

"जुनं कुटं झालंय? खंडेनवमीला पुसल्यात मी."

इसाकभाईंनी यंत्र बंद केलं. हॉल्टरनं यादी वर धरली, पेन उघडलं आणि तिच्या हातातल्या फाळक्याकडं बोट दाखवलं.

"आणि हे शेवटचं? याचं नाव काय?"

मी मराठीत विचारलं. "वैजू, याचं नाव काय?"

फाळका तिनं छातीशी अजून घट्ट धरला. पांढरी पूड तिच्या निळ्या फ्रॉकला लागली होती.

"ह्ये पॅटर्न न्हाई," ती म्हणाली. "ही काटवट हाय."

काटवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. तुमच्या आजीकडं असेल.

"आमच्या आईची हाय. आबा मोकळ्या वेळात नीट करत हुते. पीठ लागलंय न्हवं का आत? बघा की."

हॉल्टर माझ्याकडं वळला. "काय म्हणते ती?"

मी इंग्रजीचा शिक्षक. खोटं काय, खरं काय, दोन्ही मला भाषांतर करता येतं. त्या रविवारी मी एक केलं होतंच.

"शी सेज, सर," मी म्हणालो, "इट इज फ्रॉम देअर किचन. फॉर मेकिंग ब्रेड."

हॉल्टर जवळ आला. वाकून बघितलं. बोट फिरवलं, पांढरं झालेलं बोट अंगठ्यावर चोळलं. लाखो पंप विकणाऱ्या कंपनीचा माणूस पंपाचं पोट समोर धरून बघत होता, आणि त्याला त्यात भाकरी दिसत होती. पण तेवढ्यात त्याची नजर आण्णांवर गेली. मालकालाच विचारलेलं बरं, असं त्याला वाटलं असावं.

"मिस्टर मगदूम? इज इट सो?"

हे भाषांतर करायची गरज पडली नाही. आण्णा त्या पेटीकडं टक लावून बघत होते. त्यांना माहीत होतं. ती पेटी जमेपर्यंत दोन वर्षं ते मेस्त्रींच्या शेजारी मांडी घालून बसले होते. फसलेले ओतीव तुकडे त्यांनीच उचलून टाकले होते. फौंड्रीत वाढलेला माणूस. काटवट आणि कोरपेटी यातला फरक त्याला झोपेतही कळला असता. त्यांनी तोंड उघडलं.

वैजू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आण्णा, सारजा आजीनं दिलती न्हवं ही काटवट आमच्या आईला? लग्नात? तुमास्नी आठवत असंल."

हलगीवाले कमानीपाशी अजून वाजवत होते. इसाकभाईंनी खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं. आईचं नाव कागदावर विकताना त्यांना काही झालं नव्हतं. तिथं मीच साक्षीला होतो. आता एका अकरा वर्षांच्या पोरीनं ते नाव परत त्यांच्या हातात ठेवलं होतं, आणि ते धरायचं कसं हे त्यांना समजत नव्हतं.

"व्हय," ते शेवटी म्हणाले. मग खाकरून, हॉल्टरकडं बघून, त्यांना येत होती तेवढ्या इंग्रजीत, "येस. माय मदर."

"ओ! चार्मिंग!" हॉल्टर म्हणाला. फेटा सावरत त्यानं कॅमेरा काढला, वैजूला अंगणाच्या मधोमध उभं केलं, आणि तिचा त्या फाळक्यासकट छानसा फोटो काढला. मग यादीखाली रेघ ओढून सही केली. सगळं काम चोख झालं होतं.

वैजूनं डोक्यावर दप्तराची घडी ठेवली, वर फाळका घेतला आणि ती निघाली. वाकलेली मान, दोन्ही हात वर. सुवासिनींच्या मधून, हलगीवाल्यांच्या मधून, कमानीखालून ती गेली. सरपंचांनी वाट दिली. मी तिच्याकडं बघत राहिलो आणि मग मागं वळून पाहिलं.

दुसरा फाळका शिडीच्या पायाशी भिंतीला टेकलेला होता. मीच ठेवलेला. एका फाळक्याची पेटी म्हणजे एका चाकाची बैलगाडी. हॉल्टर आता चहा घेत दुकानाच्या दारातच उभा होता, पांढऱ्या बुटांपासून दोन हातांवर तो फाळका. मी तिकडं जायला पाय उचलला आणि ठेवला. उचलला आणि ठेवला. उचलायला जावं तर साहेब विचारणार, हे काय. मला काही सुचेना. एम.ए. झालेला माणूस.

दहा मिनिटं गेली असतील. चहा संपत आला. आण्णा जमिनीकडं बघत होते.

तेवढ्यात कमानीखालून वैजू परत आली. धापा टाकत, कपाळावर घाम, फ्रॉकभर पांढरी पूड. कुणाकडं न बघता ती सरळ हॉल्टरच्या समोर आली, वाकली, भिंतीला टेकवलेला फाळका दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या तोंडाकडं बघत मला म्हणाली,

"सर, साहेबाला सांगा, झाकण ऱ्हायलं हुतं."

आणि माझ्या भाषांतराची वाट न बघता तो डोक्यावर घेऊन ती चालू लागली.